रस्त्याचा हक्क, रस्त्यावरचा हक्क

(जागतिक सायकल दिनी, ३ जून रोजी, रत्नागिरीत तरुण-तरुणींच्या सायकल फेरीनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

सगळे घामेघूम आहात, तेव्हा आधी पाणी प्या. मी फार वेळ घेणार नाही, असं सगळेच वक्ते म्हणतात आणि मग घेतात. मीही थोडा घेणारच आहे, कारण आजची फेरी व्यायामासाठी काढलेली नाही हे मला सांगायचं आहे. व्यायाम झाला, छानच झालं. पण विषय रस्त्याचा आहे. रस्ता कोणाचा असतो, आणि त्याचं आपण काय देणं लागतो, या दोन गोष्टींबद्दल मी बोलणार आहे.

पहिल्यांदा आज आपण कुठून कुठं गेलो ते बघू. मारुती मंदिराच्या चौकातून निघालो आणि थिबा राजवाड्यावरून थिबा पॉइंटला गेलो. तिथून खाली राजिवडा, मग भाट्येचा पूल, पुलापलीकडे सुरूचं बन आणि भाट्येचा किनारा. परत फिरून मांडवी, तिथून रत्नदुर्गाच्या पायथ्याशी, मग मिरकरवाडा, पांढरा समुद्र, मिऱ्या आणि पुन्हा गावात. एका सकाळी नदी, खाडी, दोन-तीन किनारे, किल्ला, बंदर, राजवाडा आणि बाग एवढं सगळं सायकलवर बघता येईल अशी गावं महाराष्ट्रात फार नाहीत. पर्यटक पैसे खर्चून हे बघायला येतात. आणि मघाशी मी विचारलं तेव्हा तुमच्यातल्या कितीतरी जणांनी, विशेषतः मुलींनी, सांगितलं की आपण थिबा पॉइंटला आयुष्यात पहिल्यांदा आलो. जन्म रत्नागिरीतला, घर तीन किलोमीटरवर, आणि पहिल्यांदा!

मला यात तुमची चूक दिसत नाही. आपलं गाव आपल्याला मोहल्ल्या-मोहल्ल्याने माहीत असतं. राजिवड्याचा मुलगा मिरकरवाड्याला लग्नाकार्याला जातो, कोकणनगरची मुलगी उद्यमनगरला मावशीकडे जाते. टिळक आळीत जायचं कारणच पडत नाही. तिकडच्या मुलांनाही राजिवड्यात यायचं कारण पडत नाही. मधला रस्ता रिक्षातून पार होतो, आणि रिक्षातून गाव दिसत नाही. मोटरसायकलवरून दिसतं, पण ते मागं पळत असतं. सायकलचा वेग असा आहे की ओट्यावर बसलेल्या माणसाला सलाम करता येतो, नमस्कार करता येतो, आणि त्याचं उत्तर ऐकूही येतं. आज सकाळी हे तुम्ही अनुभवलंत. टिळकांच्या जन्मघराजवळ एका आजोबांनी आपल्याला थांबवून कुठून आलात विचारलं. राजिवड्यात एका खालांनी सगळ्यांना पाणी दिलं. दोन्ही ठिकाणी प्रश्न तोच होता : कुठं चाललात एवढे सगळे?

आता वाटेतल्या तीन जागांबद्दल थोडं बोलते.

पहिली जागा थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडाले घेतलं, त्याला पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. रत्नागिरीच का? तेव्हा इथं रेल्वे नव्हती, समोर समुद्र, मागं सह्याद्री. माणूस विसरून जावा अशीच ही जागा होती. चोवीस वर्षं तो भाड्याच्या बंगल्यांत राहिला, १९१० मध्ये या राजवाड्यात आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथंच वारला. त्याची कबर याच गावात आहे.

यातली दुसरी बाजू आपल्याशी आणखी जवळची आहे. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीच्या बहादूरशाह जफरला इंग्रजांनी रंगूनला नेलं. १८६२ मध्ये तो तिथं वारला. म्हणजे हिंदुस्थानच्या बादशहाची कबर ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाच्या राजाची कबर रत्नागिरीत. माणसाची जमीन तोडली की तो कसा खचतो हे राज्यकर्त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पण आज मला राजापेक्षा त्याच्या मुलींबद्दल सांगायचं आहे. थिबाच्या चार राजकन्या रत्नागिरीत वाढल्या. कुंपणाच्या आत, नोकरचाकर, मोठं घर, खाली खाडीचा असा देखावा की आजही लोक त्याचे फोटो काढतात. सगळं होतं, फक्त फाटकाबाहेरचा रस्ता त्यांचा नव्हता. थोरली राजकन्या पुढं रत्नागिरीतच राहिली आणि तिची मुलगी मराठी बोलत याच गावात सामान्य माणसासारखी जगली. मी जेव्हा जेव्हा त्या राजवाड्यासमोरून जाते तेव्हा माझ्या मनात हे येतं की खिडकीतून दिसणारा समुद्र आणि पायाखालचा रस्ता या फार वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या मुलींना सगळं देतो, कशाची कमी नाही, असं जेव्हा आपले मोठे लोक म्हणतात, तेव्हा ते बहुतेक वेळा खिडकीबद्दल बोलत असतात.

दुसरी जागा राजिवडा आणि भाट्येची खाडी. काजळी नदी इथं समुद्राला मिळते. पुलावर उभं राहिलात तर एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला खाडीचं मुख दिसतं. त्या मुखाशी गाळ साचतो, ओहोटीला होड्या अडतात. राजिवड्याचे मच्छीमार वर्षानुवर्षं गाळ काढा म्हणून सांगत आहेत. पर्यटकाला पुलावरून सूर्यास्त दिसतो. पुलाखालच्या माणसाला भरतीची वेळ बघून निघावं लागतं. सायकलवर आलात म्हणून आज तुम्ही पुलावर थांबलात आणि दोन्ही गोष्टी पाहिल्यात.

तिसरी जागा मिरकरवाडा ते मिऱ्या. १ जूनपासून मासेमारी बंद झाली आहे, ती ३१ जुलैपर्यंत. म्हणून आज बंदरात बोटी उभ्या दिसल्या आणि जाळी विणणारे हात दिसले. हे दोन महिने कमाई नसते, खर्च असतो. त्याच्या पुढं मिऱ्याला समुद्र जमीन खातो आणि माणूस दगड टाकून ती राखतो. बरोबर आजच्याच तारखेला, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ आलं होतं. त्या वादळात बसरा स्टार नावाचं जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्याला लागलं आणि कित्येक वर्षं तिथंच अडकून पडलं. लोकांनी त्याचे सेल्फी काढले. पण वादळात ज्यांची घरं किनाऱ्याला लागून आहेत त्यांची झोप कशी उडते, हे त्या गल्लीतून हळू गेल्याशिवाय कळत नाही.

आपलं गाव असं आहे. आता मूळ मुद्द्यावर येते.

मी शाळेत शिकवते. शाळेच्या सायकल स्टँडकडे बघून मला वर्ग ओळखता येतात. पाचवी-सहावीला मुलं-मुली दोघांच्या सायकली असतात. आठवी-नववीला मुलींच्या कमी होऊ लागतात. दहावीनंतर मुलांच्याही जातात, कारण त्यांना मोटरसायकल मिळते. मुलींच्या जातात तेव्हा त्या जागी काहीच येत नाही. रिक्षा येते, भाऊ येतो, नाहीतर कॉलेजच सुटतं. दहावीचा निकाल लागला आहे, आठ-पंधरा दिवसांत अकरावीचे वर्ग ठरतील. कुठल्या मुलीला कुठलं कॉलेज हे पुष्कळ घरांत टक्क्यांवर ठरत नाही, ते तिला कोण सोडणार आणि कोण आणणार यावर ठरतं.

आपल्याकडं अनेक घरांत वडील आखातात असतात. कुवेत, बहारीन, दुबई. घर अम्मी चालवते. बँक, दवाखाना, रेशन, शाळेची सभा, सगळं तिनंच करायचं. आणि त्यातल्या प्रत्येक कामासाठी तिला कुणाची तरी वाट बघावी लागते. चौदा वर्षांचा मुलगा घरातला कर्ता होतो, कारण त्याला गाडी चालवता येते. चाळीस वर्षांची आई त्याच्या मागं बसते. ही गोष्ट कुठल्याही शरियतमध्ये लिहिलेली नाही. आपल्याला तिची सवय झाली आहे, एवढंच.

धर्माचा विषय निघाला आहे तर तोही सरळ बोलू. हजरत आयेशा आणि पैगंबर साहेब यांच्यात धावण्याची शर्यत झाली होती, हे हदीसच्या संग्रहात नोंदलेलं आहे. पहिल्यांदा हजरत आयेशा जिंकल्या, नंतरच्या वेळी पैगंबर साहेब जिंकले आणि त्यांनी हसत हिशेब चुकता केला. ही गोष्ट आपल्या मदरशात मुलांना सांगतात. मुलींनाही सांगा. मग सायकलचा विषय निघाल्यावर कपाळाला आठ्या घालणाऱ्यांना आधी या शर्यतीबद्दल काय वाटतं ते विचारा. आदबीनं विचारा, पण विचारा.

दुसरा प्रश्न कपड्यांचा येतो. त्याचं उत्तर सायकलवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे. लेडीज सायकलला मधला दांडा खाली असतो, चेनला पूर्ण कव्हर असतं, मागच्या चाकाला जाळी असते. हे सगळं लांब झग्यांसाठीच झालं. साडी, सलवार, बुरखा, कुणालाही ते चालतं. मासूमा अली जादा ही अफगाणिस्तानची मुलगी काबूलच्या रस्त्यांवर सायकल चालवायची तेव्हा लोक दगड मारायचे. देश सोडावा लागला, फ्रान्समध्ये आसरा घेतला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये ती निर्वासितांच्या संघातून डोक्याला स्कार्फ बांधून सायकलिंगमध्ये उतरली. स्कार्फ बांधायचा की नाही हे तिचं तिनं ठरवलं. आपण इथं ना कुणाला बांधायला सांगणार आहोत, ना सोडायला. ज्या मुलीला जसं यायचं तसं तिनं यावं. सायकलला कपडे कळत नाहीत, तिला फक्त पायडल कळतं.

तिसरा प्रश्न, हे सगळं श्रीमंतांचं, शहरातलं, विदेशातलं. अजिबात नाही. तामिळनाडूतला पुदुकोट्टई हा गरीब जिल्हा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं साक्षरतेची चळवळ सुरू झाली आणि तिच्यात बायकांना सायकल शिकवणं हा अभ्यासाचाच भाग केला गेला. तेव्हाच्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकलसाठी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलं आहे की लाखाच्या वर ग्रामीण बायका दीड वर्षात सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या. त्यांत मुस्लिम मुलीही होत्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या. काहींना तर त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं!

बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी सरकारनं पैसे दिले. त्याचा नीट अभ्यास झाला आहे. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं. अभ्यासक्रम तोच होता, शिक्षक तेच होते, फक्त घर आणि शाळा यांच्यातलं अंतर मुलीच्या हातात आलं.

आणि अगदी आपल्या जिल्ह्याची गोष्ट. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ ला त्यांच्या पुढाकारानं सात मुस्लिम बायकांनी मुंबईत विधान भवनावर मोर्चा नेला. मागणी होती तोंडी तलाक बंद करा. सातच बायका होत्या, आणि त्या चालत गेल्या. दलवाईंच्या सगळ्याच मतांशी तुम्ही सहमत व्हा असं मी म्हणत नाही. वाचा, वाद घाला. पण रस्त्यावर येऊन आपलं म्हणणं मांडणाऱ्या त्या सात बायकांना तेव्हा लोक काय म्हणाले असतील याचा विचार करा, म्हणजे सायकलवरून जाताना नाक्यावरचा एखादा शेरा फार मोठा वाटणार नाही.

नाक्याचा विषय आला, तर आता मुलांकडे वळते. तुम्ही मघापासून फार खूश होऊन ऐकता आहात, कारण सगळं मुलींबद्दल चाललं आहे.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. पैगंबर साहेबांनी साथीदारांना रस्त्याच्या कडेला बसू नका असं सांगितलं. ते म्हणाले, आमच्या गप्पांची जागा तीच आहे, दुसरी नाही. तेव्हा पैगंबर साहेब म्हणाले की मग रस्त्याला त्याचा हक्क द्या. तो हक्क कोणता? नजर खाली ठेवणं, कुणाला त्रास न देणं, सलामला उत्तर देणं, चांगल्याला साथ देणं आणि वाइटाला अडवणं.

आता आपल्या नाक्याचा हिशेब मांडा. नजर खाली असते का? सायलेन्सर काढलेल्या गाडीनं दवाखान्यातल्या माणसाला त्रास होतो का? मुलगी सायकलवरून गेली की शेरा कोण मारतं, आणि शेजारी बसलेला गप्प कोण राहतो? आपल्या मुलींच्या घरचे सुरक्षिततेचं कारण सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. ते तुमच्याबद्दल बोलत असतात. मुलींना घरात ठेवून हा प्रश्न सुटणार नाही. तो नाक्यावर निर्माण झाला आहे, तिथंच सुटेल, आणि ते काम मुलांचं आहे. व्याख्यान द्यायची गरज नाही. शेजारच्यानं तोंड उघडलं की त्याला तिथल्या तिथं गप्प करा, एवढं पुरे.

आणखी एक हदीस तुम्हाला पाठ असेल. ईमानच्या सत्तरहून जास्त शाखा आहेत आणि त्यातली सगळ्यात साधी शाखा म्हणजे रस्त्यातून त्रासदायक वस्तू बाजूला करणं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण यात रस्त्यावरून कोण जाणार आहे हे विचारलेलं नाही. तो आपल्या मोहल्ल्याचा आहे का, कुठल्या जातीचा आहे, काहीच नाही. दगड उचलायचा, बस्स. आपण नागरिक म्हणून जे काम करतो त्याचा पाया आपल्या परंपरेत आहे, तो कुठून उसना आणावा लागत नाही.

आता थोडं कामाचं. पाऊस दारात आला आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा पावसाळ्यात काय करायचं हे आधी ठरवा. इथं सायकलचा मोठा शत्रू खारी हवा. किनाऱ्यावरून आलात की गोड्या पाण्यानं सायकल धुवा, फडक्यानं पुसा, चेनला तेल द्या. ओल्या वाळूत सायकल घालू नका, फोटो छान येतो पण पंधरा दिवसांत चेन गंजते. दोन्ही ब्रेक रोज तपासा, कारण आपलं गाव चढउतारांचं आहे. थिबा पॉइंटकडून खाली येताना ओल्या जांभ्याच्या चिखलावर पुढचा ब्रेक एकदम दाबलात तर तोंडावर पडाल. चढाला उतरून ढकलत नेली तर कुणी हसत नाही, हसलं तर हसू दे. पुलावर समुद्राचा वारा आडवा येतो, छत्री धरून चालवू नका. डोक्याला हेल्मेट, मागं लाल दिवा. आणि नवी गिअरची सायकलच हवी असा हट्ट नको. माळ्यावर धूळ खात पडलेली भावाची जुनी सायकल टायर-ट्यूब बदलून चांगली चालते.

दुसरं काम वहीचं. आजच्या फेरीत प्रत्येक गटाला एक वही दिली होती. कुठं खड्डा आहे, कुठं दिवा नाही, कुठं गटाराचं झाकण नाही, कुठं कचरा रस्त्यावर आला आहे, ते जागेच्या खुणेसकट लिहायला सांगितलं होतं. त्या वह्या जमा करा. आपण त्यावरून एकच अर्ज करू, नगर परिषदेत देऊ आणि पोचपावती घेऊ. अर्जात फक्त राजिवड्याचे आणि मिरकरवाड्याचे खड्डे लिहायचे नाहीत. मांडवीचे, टिळक आळीचे, मिऱ्याचे, सगळे लिहायचे. आम्ही आमच्यापुरतं मागतो असा ठपका आपल्यावर नेहमी येतो. त्यावर भाषणापेक्षा ही यादी जास्त उपयोगी पडेल. आणि सह्या घ्यायला सगळ्या आळ्यांत, सगळ्या मोहल्ल्यांत जायचं. सायकलवर जायचं.

तिसरं काम घरचं आणि ते सगळ्यात अवघड. पुढच्या रविवारी याच वेळी पुन्हा फेरी आहे, पाऊस असला तरी, छोटी फेरी, भाट्येच्या पुलापर्यंत. येताना प्रत्येकानं आणखी एकाला आणायचं आहे. मुलांनी बहिणीला आणा. तिला सायकल येत नसेल तर मैदानावर शिकवू, माझ्याकडे दोन जुन्या लेडीज सायकली आहेत. आणि ज्यांना जमेल त्यांनी अम्मीला आणा. हसू नका, मी गंभीरपणे सांगते आहे. पुदुकोट्टईच्या लाखभर बायकांत किती आया असतील याचा विचार करा. एखादी म्हणेल, या वयात पडले तर? तर पडेल, उठेल, आपण सगळे धरायला आहोत.

दहावी पास झालेल्या मुलींनी जाण्याआधी मला भेटा. कुठलं कॉलेज हवं आहे आणि घरापासून ते किती लांब आहे, एवढंच मला लिहून द्या. एकाच दिशेला जाणाऱ्या तीन-चार मुलींचा गट झाला तर घरच्यांशी बोलणं सोपं जातं. कुणाच्या घरी अब्बांशी, दादांशी, जमातीतल्या मोठ्यांशी बोलायचं असेल तर मी येईन, आमच्यातले दोन-तीन ज्येष्ठ लोकही येतील. कॉलेज सुरू व्हायला फार दिवस नाहीत, तेव्हा हे आजच.

वह्या इथं टेबलावर ठेवा.